कस्टम पूल क्यू (पूल खेळायची काठी, आपल्या मापाची) बनवून घेणं खरंच वर्थ आहे का, की क्लबमधला सगळ्यांसाठी ठेवलेला हाउस क्यू पुरतो?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्ष पूल खेळताय, आठवड्यातून दोनदा, आणि मित्र म्हणतात हातात गेम असला की कुठल्याही स्टिकने जिंकता येतं, स्वतःची बनवून घेणं म्हणजे नुसती शायनिंग. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की उत्तर लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा, आता बरीच वर्षं शिकागोजवळ राहतो. इथं दर मंगळवारी एपीए (अमेरिकन पूलप्लेयर्स असोसिएशन) या हौशी खेळाडूंच्या लीगमध्ये एट बॉल (आठ नंबरचा बॉल शेवटी घालायचा पूलचा प्रकार) खेळतो, बारमधलं सात फुटी टेबल. २०१६ मध्ये ताई आणि दाजी आमच्याकडे आले होते, तेव्हा दाजींना हौसेने मॅच बघायला घेऊन गेलो. माझा सामना शेवटच्या रॅकपर्यंत (डावापर्यंत) गेला, फक्त आठ नंबर उरला होता, साइड पॉकेटला सरळ, थोडा ड्रॉ (उलटी फिरक) देऊन क्यू बॉल (पांढरा बॉल) मागे घेतला की संपलं. मिसक्यू झाला, म्हणजे काठी बॉलवरून घसरली. टिप (क्यूच्या टोकावरची चामड्याची गादी) घासून घासून चपटी आणि काचेसारखी गुळगुळीत झाली होती, चॉक धरतच नव्हती, वर फेरूलही (टिपखालची कडी) किंचित हलत होतं हे मला पहिल्या रॅकपासून जाणवत होतं पण भिंतीवर उरलेल्या बाकी स्टिक्स त्याहून वाईट होत्या. मी टीममेटला टिप दाखवत होतो तेवढ्यात दाजी म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. वर टीममधल्या सगळ्यांना त्याचा अर्थ इंग्रजीत सांगितला. आणि घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर टाकलं.

मला ते लागलं. अजूनही लागतं. कारण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं! हाउस क्यू म्हणजे रोज शंभर हातांतून जाणारं, भिंतीला तिरकं टेकवून ठेवलेलं, कुणीतरी चिडून टेबलावर आपटलेलं लाकूड. आज हातात आला तो पुढच्या मंगळवारी मिळेलच असं नाही, वजन वेगळं, टिप वेगळी, जाडी वेगळी. दर वेळी नव्या स्टिकशी ओळख करून घ्यायची आणि मग खेळायचं, यात शॉट शिकायचा कधी? आणि ज्या दाजींनी मला हे ऐकवलं त्यांचा कॅरमचा स्ट्रायकर गेली वीस वर्षं एकच आहे, रुमालात गुंडाळलेला असतो, घरातल्या पोरांना हात लावू देत नाहीत. तो चालतो, माझा क्यू म्हणजे उधळपट्टी.

तर २०१७ मध्ये मी ऑर्डर दिली. इथून दोन तासांवर एक म्हातारे गृहस्थ गॅरेजमध्ये एकटेच क्यू बनवतात. शिकागोला या कामाची जुनी परंपरा आहे, ब्रन्सविक कंपनीचं मुख्यालय इथंच होतं, हर्मन रॅम्बो इथं क्यू बनवायचे. आमच्या या काकांनी पैशांचं नंतर बोलू म्हणून आधी मला दीड तास टेबलावर खेळायला लावलं आणि स्वतः खुर्ची घेऊन बाजूला बसले. मी बट (क्यूचा मागचा जाड भाग) कुठं धरतो, बॉलला टिप लागते त्या क्षणी माझा कोपराखालचा हात सरळ खाली असतो का, ब्रिज (काठीला आधार देणारा पुढचा हात) किती लांब ठेवतो, सगळं वहीत लिहिलं. माझी उंची पाच फूट पाच इंच, मी बट जरा पुढे धरतो, त्यामुळे बॅलन्स थोडा पुढे हवा असं त्यांनीच सांगितलं. लांबी नेहमीची ५८ इंच, वजन १९ औंस, टिप १३ ऐवजी १२.७५ मिलिमीटर. बटच्या पुढच्या भागाला मला शिसवीसारखं काहीतरी गडद हवं होतं, पण २०१७ पासूनच शिसवीच्या कुळातल्या सगळ्या लाकडांवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियम लागले होते, आणि मी क्यू भारतात नेणार म्हटल्यावर ते म्हणाले नको ती कटकट. मग बर्ड्स आय मेपल (बारीक ठिपक्यांचं मेपल), त्यात एबनीचे (काळ्या लाकडाचे) चार पॉइंट, म्हणजे टोकदार पाचरी, भोवती हिरव्या व्हिनियरची (पातळ लाकडी पट्टीची) बारीक कड. धरायच्या जागी आयरिश लिनन. किंमत चौदाशे डॉलर, वेळ चौदा महिने.

चौदा महिने का? कारण शाफ्ट (क्यूचा पुढचा निमुळता भाग) एका दिवसात बनत नाही. मेपलचा सरळ रेषांचा तुकडा निवडायचा, लेथवर थोडा उतरवायचा, टांगून ठेवायचा, काही आठवड्यांनी परत थोडा उतरवायचा. प्रत्येक वेळी लाकूड जरासं हलतं, आतला ताण सुटतो. ज्याला वाक येतो तो बाद. घाई केली की क्यू दुकानात सरळ दिसतो आणि सहा महिन्यांत तुमच्या हातात वाकतो.

क्यू आला तेव्हा पहिला फोन आण्णांना केला. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात लाकडी पॅटर्न मेकर होते, चाळीस वर्षं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फाउंड्रीत बिडाचं कास्टिंग ओतायच्या आधी त्याची लाकडी प्रतिकृती करतात, तीही साधारण एक टक्का मोठी, कारण बीड थंड होताना आकसतं. सागवान, पटाशी, रंधा, लेथ, यातच आमचं बालपण गेलं. आण्णांचे गुडघे गेलेत, अमेरिकेला येणं शक्य नव्हतं, म्हणून २०१८ च्या डिसेंबरमध्ये मीच क्यू घेऊन गेलो. (विमानात केबिन बॅगेत पूल क्यू नेता येत नाही, चेक इन करावा लागतो, हे लक्षात ठेवा. मी हार्ड केसमध्ये, कपड्यांच्या मधोमध ठेवला होता, तरी मुंबईपर्यंत डोळा लागला नाही.)

जेवणं झाल्यावर केस उघडली. दाजी होतेच, म्हणाले आली का सोन्याची काठी. आण्णा काहीच बोलले नाहीत. खिडकीपाशी उजेडात बसले, बट हातात घेतला, चष्मा वर केला आणि बोटं फिरवायला लागले. एबनी आणि मेपल जिथं भेटतात तिथं नख लावून बघितलं, नख कुठंच अडकलं नाही. मग डोळे मिटून परत तसंच. मग बट हळूहळू फिरवत चारी पॉइंटांची टोकं बघितली, मला दोरा आणायला लावला, एका टोकाशी दोरा गुंडाळला तर तो बरोबर चारी टोकांवरून गेला. तेव्हा म्हणाले, "कुणी केलंय रे ह्ये?"

मी सांगितलं एक माणूस एकटाच करतो. आण्णा दाजींकडे वळले. "पाव्हणं, ह्ये बघा. ही पाचर आत खाचंत बसवून मग लेथवर उतरवलीया. खाच केसभर जरी एका अंगाला गेली तरी एक टोक वर पळतं, एक खाली ऱ्हातं. ही चारी एका रेघंत हाईत. असलं काम मला उभ्या जन्मात दोन-तीनदाच जमलं असंल." मग शाफ्ट जोडून बघ म्हणाले. मी जोडला. जॉइंटवरून अंगठा नेला तर एक लाकूड संपून दुसरं कुठं सुरू होतं ते कळेना. "सांधा हाय कुठं?" म्हणून तीनदा विचारलं.

दाजी गप्प. दहा मिनिटांनी त्यांनीही क्यू हातात मागितला, मी दिला, म्हणजे मी काही मनात धरून बसलेलो नाही. पण त्यांनी ग्रुपवरचं वाक्य मागे घेतलेलं नाही आजपर्यंत, म्हणून इथं लिहितोय. हातातली वस्तू चांगली असावी असं वाटणं हा नाचता न येण्याचा पुरावा नाही. उलट जो मनापासून नाचतो त्यालाच अंगणातला खड्डा कळतो. जॉर्ज बलाबुश्का हे नाव शोधून बघा, रशियात जन्मलेला, १९२४ मध्ये अमेरिकेत आलेला, लाकूडकाम करणारा माणूस, १९५९ पासून न्यूयॉर्कमध्ये क्यू बनवायला लागला आणि १९७५ मध्ये गेला. त्याच्याकडून क्यू घ्यायला मोठमोठे खेळाडू यायचे. त्या सगळ्यांना काय खेळता येत नव्हतं?

तुमचा प्रश्न गेम सुधारतो का हा होता. माझं एपीएचं स्किल लेव्हल ५ होतं, क्यू आल्यावर आठ महिने ५ च राहिलं, नंतर ६ झालं. ते क्यूमुळे की क्यू आला म्हणून रोज तास-तासभर सराव केल्यामुळे, हे वेगळं काढता येत नाही. पण एक बदल पहिल्या आठवड्यात झाला, शॉट चुकला की आता मला नक्की कळतं की हात हलला. दुसरं कारण उरलंच नाही. आणि आनंद विचाराल तर केस उघडून दोन भाग जोडताना शेवटच्या आट्याला जो टक असा घट्ट थांबा लागतो, आणि मधोमध मारलेल्या बॉलचा आवाज बटमधून मनगटापर्यंत येतो, ते मला दिवसभराच्या कामानंतर पुरतं. लिननवर माझ्या हाताचा डाग पडलाय आता, बरोबर माझ्याच चार बोटांच्या जागी.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. दीड वर्षात तुमचा स्ट्रोक अजून बदलतोय, त्यामुळे लगेच कस्टमकडे जाऊ नका, एखादा बरा दोन भागांचा प्रॉडक्शन (कारखान्यात बनलेला) क्यू घ्या, त्याच्यावर चांगली लेयर्ड (थर चिकटवून केलेली) टिप बसवून घ्या, खरं तर निम्मा फरक टिपचाच असतो. वर्षभर त्याने खेळलात की तुम्हाला नक्की काय नको ते कळेल, क्यूमेकरला तेच सांगायचं असतं. लो डिफ्लेक्शन शाफ्ट (पांढरा बॉल रेषेतून कमी सरकवणारा) घेतलात तर साइड (आडवी फिरक) लावताना जुना अंदाज महिनाभर चुकेल, घाबरू नका. कस्टम क्यूने ब्रेक (डाव सुरू करताना बॉल फोडणारा जोराचा फटका) मारू नका, त्यासाठी वेगळा स्वस्त क्यू ठेवा. विकायला गेलात तर नावाजलेल्या मेकरचा नसेल तर पैसे सुटणार नाहीत, तेव्हा गुंतवणूक वगैरे डोक्यातून काढा. कर्ज काढून तर अजिबात घेऊ नका, मी चौदा महिने थोडे थोडे बाजूला टाकले होते. आणि तुम्ही स्नूकरही खेळत असाल तर हा क्यू तिथं चालणार नाही, तिथली टिप नऊ-दहा मिलिमीटरची लागते.

पावसाळ्यात जपा. गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका आणि भिंतीला टेकवून तर कधीच नाही. आण्णांनी त्याच मुक्कामात माझ्यासाठी सागवानी स्टँड केला, पाच वर्षांनी लेथ सुरू केला होता त्यांनी, बटचं माप कॅलिपरने घेऊन भोक पाडलं आणि आत कॅरम बोर्डच्या कव्हरचं हिरवं कापड लावलं. ते कापड दाजींनी दिलं.

तुमची उंची किती आणि बट कुठं धरता ते कमेंटमध्ये लिहा, वजनाचं मग सांगतो.