नवीन इपीएबीएक्सचं काम झालंय, बिल देण्याआधी काय काय तपासून घेऊ?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. लक्ष्मीपुरीत खाली दुकान, वर ऑफिस, मागे गोडाऊन. 3 बाहेरच्या लाइन आणि 16 एक्स्टेंशनचं (आतल्या फोनचं) नवीन इपीएबीएक्स, म्हणजे आतले फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनींना जोडणारं मशीन, बसवलंय. वायरवाल्यानं एकेका टेबलावरचा फोन वाजवून दाखवला, काम झालं म्हणाला आणि आता बिलासाठी मागे लागलाय. पैसे सोडू का, असं विचारताय.

आज सोडू नका. त्याला अर्धा दिवस थांबवून घ्या आणि पुढं लिहितोय ते तुमच्यासमोर करायला लावा. मी 22 वर्षं कोल्हापुरात हेच काम करतोय. एवढ्या वर्षांत मशीनच बिघडलंय असं क्वचित निघालं. तक्रार आली की दोष बहुतेक वेळा वायरीत, जोडात नाहीतर अर्थिंगमध्ये सापडतो. फोन वाजला म्हणजे दोन तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत आज कशाबशा पोचल्यात, एवढंच कळलं. घंटी वाजवायला मशीन साधारण 60 ते 75 व्होल्ट एसी सोडतं. तेवढा दाब सैल, गंजक्या जोडातूनही पलीकडे जातो. बोलताना मात्र त्याच तारांवरून अगदी बारीक सिग्नल जायचा असतो, आणि जोडातली खोट तिथं उघडी पडते.

गोकुळ शिरगावच्या एका फाउंड्रीतलं सांगतो. मे महिन्यात कुणीतरी काम करून गेलेलं, तेव्हा सगळे फोन खणखणीत वाजत होते. मृगाचा पाऊस लागला आणि डिस्पॅचच्या फोनवर खरखर सुरू झाली. नंतर तो आपोआप उचलल्यासारखा एंगेज राहायला लागला. मला बोलावलं तेव्हा त्यांनी मशीनच्या नवीन कार्डाची ऑर्डर द्यायची तयारी केली होती. मी केबल धरून शेडच्या पत्र्याखालून चालत गेलो. एका खांबामागं काळ्या टेपची गाठ दिसली. टेप उलगडली तर आतून ओल, तारांवर हिरवट थर आणि दोन तारा नुसत्या पीळ घालून जोडलेल्या. दोन बोटांत धरल्या तर एक तार तुटून हातातच आली. मधला तुकडा काढून एकच सलग केबल ओढली आणि खरखर गेली. मशीनला हातही लावावा लागला नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. आधी वायर तपासायची, मशीन त्यानंतर. वायर तपासताना ती मशीनपासून पूर्ण सुटलेली पाहिजे. बॉक्समध्ये, म्हणजे जिथं सगळ्या तारा येऊन मशीनला जोडतात तिथं, क्रोनचं (तारा खाचेत बसवायच्या पट्टीचं) डिसकनेक्शन मॉड्यूल असेल तर मधल्या खाचेत प्लग घातला की मशीनकडची बाजू वेगळी होते. फोनही काढून ठेवा. हे न करता कुणी मेगर (जास्त व्होल्टेज सोडून तारेचं इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावला तर मशीनमधलं एक्स्टेंशन कार्ड जळू शकतं, तेव्हा मेगर बाहेर काढायच्या आधी ही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

आता साध्या मल्टिमीटरनं काय कळतं ते बघू. टेबलाकडच्या रोझेटमध्ये (फोन जोडायच्या डबीत) त्या पेअरच्या, म्हणजे एका फोनच्या तारांच्या जोडीतल्या, दोन तारा एकमेकींना शॉर्ट करायच्या आणि बॉक्सकडून ओहम मोजायचे. 0.5 मिलिमीटर तांब्याच्या पेअरला जाऊन-येऊन 100 मीटरला साधारण 17 ते 18 ओहम येतात. तुमचं गोडाऊन 40 मीटरवर असेल तर 7 च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. एका पेअरला 7 आणि शेजारच्या, तेवढ्याच लांबीच्या पेअरला 25 दाखवत असेल तर मध्ये कुठंतरी जोड आहे किंवा पंचिंग (खाचेत तार दाबून बसवणं) नीट झालेलं नाही. वायर हलवल्यावर आकडा नाचत असेल तर शंकाच नको. सगळ्याच पेअरना दीडपट आकडा येत असेल तर केबल तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची असू शकते. ब्लेडनं तार खरवडून बघा, आत पांढरट चंदेरी दिसली की कळतंच.

मग शॉर्ट काढून मेगरनं तीन मापं घ्यायची. एका तारेपासून दुसरीपर्यंत, आणि दोन्हींची वेगवेगळी अर्थपर्यंत. कोरड्या नव्या केबलला शेकड्यांत मेगओहम यायला हवेत. एक-दोनवर आकडा अडकला तर केबलमध्ये पाणी शिरलंय किंवा बाहेरचं आवरण सोललंय. तुमच्या गोडाऊनमध्ये धान्य, गूळ किंवा पेंड असेल तर उंदरांचा विचार आधी करा. मार्केट यार्डातल्या गुळाच्या अडतीत मी केबल लोखंडी पाइपातूनच नेतो, कारण पीव्हीसीची पट्टी उंदीर सहज कुरतडतात. दोन तारांपैकी एकच तार अर्थला गळत असेल तर फोनमध्ये सतत घूं असा आवाज येतो. लोक मशीन बदलतात, पण घूं तिथंच राहतो.

यापुढचं जरा सावकाश वाचा, कारण हा दोष नेहमीच्या टेस्टरला दिसत नाही. पेअरमधल्या दोन तारांना पीळ असतो आणि त्या पिळामुळं शेजारचा आवाज त्यात मिसळत नाही. बसवणाऱ्यानं निळ्याची एक तार आणि नारिंगीची एक तार घेऊन एक्स्टेंशन केलं आणि उरलेल्या दोघींचं दुसरं केलं, तर पिळाचा उपयोगच संपतो. दोन्ही टोकांना तीच चूक तशीच केली असेल तर दिव्यांचा टेस्टर सगळं हिरवं दाखवतो. राजारामपुरीत एका सीए ऑफिसमध्ये हे झालं होतं. आत साहेब गिऱ्हाइकाशी त्याच्या कर्जाबद्दल बोलत होते आणि बाहेरच्या टेबलावर रिसीव्हर कानाला लावला की तेच बोलणं पुसट पण समजेल इतकं ऐकू यायचं. दोन महिने हे चाललं होतं. मी रोझेट उघडली तेव्हा एकाच स्क्रूजोडीखाली पांढरी-निळी आणि पांढरी-नारिंगी अशा दोन तारा दिसल्या. दहा मिनिटांत दुरुस्त झालं, पण त्या दोन महिन्यांत किती जणांचं खासगी बोलणं बाहेर गेलं असेल याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्याकडं दोन-तीन रोझेट उघडून रंग बघा. मग एका एक्स्टेंशनवर कुणाला तरी मोठ्यानं बोलायला लावा आणि शेजारच्या फोनवर कान लावून ऐका.

रंगांचा क्रम पाठ करून ठेवला तर कुणी फसवू शकत नाही. सोबतीचे रंग निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, करडा. मुख्य रंग पांढरा, लाल, काळा, पिवळा. पहिल्या पाच पेअर पांढऱ्याच्या, पुढच्या पाच लालच्या, अशा 20 होतात. म्हणजे आठवी पेअर लाल-हिरवी. तुमच्या बॉक्समध्ये आठव्या जागी दुसराच रंग असेल तर त्याला कारण विचारा. कारण खरंही असू शकतं, एखादी पेअर खराब निघाली म्हणून पुढची वापरली असेल, पण ते कुठंतरी लिहिलेलं हवं.

केबल कुठून गेलीय तेही वर मान करून बघा. लाइटच्या वायरीबरोबर एकाच पाइपात टेलिफोनची केबल नको. दोन्हींत फूटभर अंतर ठेवायचं, ओलांडायचीच झाली तर काटकोनात ओलांडायची. आणि लक्ष्मीपुरीत आहात म्हणून आवर्जून सांगतो, बॉक्सची उंची बघा. 2019 च्या ऑगस्टमधल्या पुरात शाहूपुरीतल्या माझ्या एका गिऱ्हाइकाचा बॉक्स गुडघ्याएवढ्या उंचीवर होता. पाणी ओसरल्यावर उघडला तर क्रोनच्या प्रत्येक खाचेत गाळ बसलेला. 2021 च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. आता मी बॉक्स छातीच्या वरच लावतो आणि केबल वरून खाली आणतो.

वळवाच्या पावसात विजा पडतात तेव्हा मार बसतो तो उघड्यावरून आलेल्या लाइनींना. बाहेरची तांब्याची लाइन, वॉचमन केबिनचं किंवा मागच्या गोडाऊनचं एक्स्टेंशन. या पेअरवर क्रोनमध्ये सर्ज प्रोटेक्शनचं (विजेचा झटका अर्थला सोडणारं) मॉड्यूल लागतं. मॉड्यूल बसवलेलं असतं, पण त्यातून अर्थची वायर पुढं कुठंच गेलेली नसते, असं मी वारंवार बघतो. मग ते असून नसल्यासारखंच. मॉड्यूलपासून हिरवी वायर बोटानं धरून अर्थच्या पट्टीपर्यंत पोचते का ते बघा. अर्थिंगचा रेझिस्टन्स 5 ओहमच्या आत हवा. मीटर नसेल तर निदान सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ यांत व्होल्टेज मोजा, 2-3 व्होल्टच्या वर असेल तर आधी इलेक्ट्रिशियन बोलवा.

एवढं झालं की मशीन जोडायचं. फोन ठेवलेला असताना रोझेटवर साधारण 48 व्होल्ट डीसी दिसतात, काही छोट्या मशीनला कमी असतात. रिसीव्हर उचलला की ते 6 ते 10 पर्यंत उतरतात. उचलूनही 25-30 वरच राहिले तर फोन पुरेसा करंट घेत नाहीये. आधी तो फोन आणि त्याची दोरी बदलून बघा.

मग गिऱ्हाइकासारखं वागून बघायचं. प्रत्येक टेबलावरून कॉल ट्रान्सफर करा. फ्लॅश (फोनवरचं ट्रान्सफरचं बटण) दाबल्यावर कॉल तुटत असेल तर फोनचा फ्लॅश टाइम आणि मशीनचा सेटिंग जुळत नाही. काही फोन 100 मिलिसेकंदाचा फ्लॅश देतात, काही 600 चा. त्यानंतर मोबाइलवरून दुकानाच्या नंबरला फोन लावा, आयव्हीआरचा (मशीनमध्ये रेकॉर्ड केलेला) आवाज सुरू झाला की कट करा आणि लाइन किती वेळात मोकळी होते ते घड्याळ लावून बघा. मशीनला बिझी टोन ओळखता आला नाही तर लाइन अडकून राहते. आपल्याकडं हा टोन 400 हर्ट्झचा असतो, 0.75 सेकंद चालू आणि 0.75 सेकंद बंद. सेटिंग दुसऱ्या देशाचं राहिलं असेल तर तिन्ही लाइन अडकतात आणि गिऱ्हाइकाला वाटतं दुकानवाले फोन घेत नाहीत. ऐन दिवाळीत हे झालं तर नुकसान किती होतं ते तुम्हाला सांगायला नको. फोन करणाऱ्याचा नंबर दिसत नसेल तर कॉलर आयडी डीटीएमएफ आहे की एफएसके (नंबर पाठवायच्या दोन पद्धती), ते बदलून बघा.

शेवटी मेन स्विच पाडा, खरंच पाडा. मशीनची बॅटरी किती वेळ टिकते ते बघा. आता बऱ्याच ठिकाणी लाइन फायबरच्या डब्यातून येते, म्हणून मशीनला बॅटरी असूनही डबा यूपीएसवर नसेल तर बाहेरचे फोन मेलेलेच. मला ही चूक नव्या कामांत सर्रास दिसते. आणि ज्या एक्स्टेंशनला बाहेरचे कॉल बंद केलेत तिथूनही 112, 101, 108 लागले पाहिजेत, हे प्रोग्रॅमिंगमध्ये दाखवायला सांगा. उगाच तिकडं फोन लावून बघू नका, सेटिंग बघितलं तरी पुरतं.

काही टेबलांवर आयपी फोन (कॉम्प्युटर नेटवर्कच्या केबलवर चालणारे) असतील तर भिंतीतली केबल 90 मीटरच्या आत हवी, आणि तिथं अॅल्युमिनियमची केबल मुळीच चालवून घेऊ नका, त्याच तारांतून फोनला वीजही जाते.

हे सगळे आकडे एका कागदावर लिहून घ्या. एक्स्टेंशन नंबर, क्रोनमधली जागा, पेअरचा रंग, लांबी, ओहम, मेगओहम, तारीख, सही. कागद प्लास्टिकमध्ये घालून बॉक्सच्या दाराला आतून चिकटवा. मशीन आठ-दहा वर्षांत बदलाल, वायर त्याहून जास्त टिकते, आणि पुढच्या माणसाला तोच कागद लागतो. मात्र यात वायरवाल्याचा अर्धा दिवस जातो, तर त्याची मजुरी त्याला द्या. बहुतेक जण तपासणी करत नाहीत कारण त्यासाठी कुणी पैसेच देत नाही. आणि बिलातले 10 टक्के गणपतीनंतर द्यायचे ठरवा. तोवर केबलनं पावसाळ्याचा बहुतेक भाग काढलेला असेल.

मोजताना एखादी पेअर अडली तर आकडे आणि अंदाजे लांबी इथं खाली लिहा, मी रात्री बघून सांगतो.