दोन दीर्घिका (म्हणजे ताऱ्यांचे प्रचंड समूह) एकमेकींवर आदळल्या तर तारे फुटतात का?

नाही. तारे जवळजवळ कधीच एकमेकांवर आपटत नाहीत, कारण त्यांच्यात अंतरच अफाट असतं. सूर्य म्हणजे कोल्हापूरच्या बिंदू चौकात ठेवलेला ज्वारीचा दाणा धरला, तर शेजारचा तारा थेट साताऱ्याला!

खरं काम गुरुत्वाकर्षण करतं. जवळ आलेली दीर्घिका दुसरीची अलीकडची बाजू जोरात ओढते, पलीकडची कमी. या फरकामुळे ती ताणली जाते आणि ताऱ्यांच्या, वायूच्या लांबच लांब शेपट्या बाहेर पडतात. वायूचे ढग मात्र खरोखर आदळतात, दाबले जातात आणि त्यातून नवे तारे भराभर जन्मतात. मला यातलं हेच सगळ्यात विलक्षण वाटतं.

आपली आकाशगंगाही धनू राशीतली एक बटू दीर्घिका आत्ता गिळतेच आहे. 25 लाख प्रकाशवर्षांवरची देवयानी दीर्घिका सेकंदाला सुमारे 110 किमी वेगानं आपल्याकडे येतेय. पूर्वी ही टक्कर अटळ मानायचे. 2025 च्या एका अभ्यासानुसार पुढच्या 10 अब्ज वर्षांत तिची शक्यता निम्मीच आहे. देवयानी बघायची असेल तर नोव्हेंबरात अमावास्येच्या आसपास पन्हाळ्याच्या बाजूला, शहराच्या उजेडापासून लांब जा. रात्री नऊच्या सुमारास उत्तरेला बऱ्याच उंचीवर धुरकट ठिपका दिसतो, नुसत्या डोळ्यांनीही.