जुन्या वणावरची न भरणारी जखम

प्रश्न : माझ्या सासूबाई ५८ वर्षांच्या आहेत. लहानपणी चुलीवरचे उकळते पाणी सांडून त्यांचा उजवा पाय भाजला होता. गुडघ्यामागचा वण तेव्हापासून आखडलेला असून तो अधूनमधून फुटतो आणि हळद-तेल लावल्यावर भरतो. गेल्या हंगामात त्या ऊसतोडीला गेल्या असताना फुटलेली जखम मात्र सहा महिने झाले तरी भरलेली नाही. गावातील एका जाणत्याने बिब्बा घालण्यास सांगितले, तर अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासण्यास सांगितले. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, असे घरातील मंडळी म्हणतात. जखम दुखतही नाही. तपासणी खरोखर आवश्यक आहे का?
— एक वाचक, जि. बीड

उत्तर : होय, आवश्यक आहे, आणि ती आता लांबवू नका. भाजल्याच्या जुन्या वणावर, हाडाच्या जुनाट संसर्गामुळे वर्षानुवर्षे वाहणाऱ्या जखमेत, पायाच्या फुगलेल्या शिरांमुळे झालेल्या व्रणात किंवा कुष्ठरोगामुळे बधिर झालेल्या तळपायाच्या जखमेत त्वचेचा कर्करोग होऊ शकतो. वैद्यकशास्त्रात याला मार्जोलिनचा व्रण म्हणतात. मार्जोलिन या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८२८ मध्ये वणावरील अशा व्रणांचे वर्णन केले. गंमत अशी की, हा कर्करोग आहे हे त्यांनी ओळखले नव्हते, ते नंतरच्या डॉक्टरांनी ओळखले. भाजल्यापासून कर्करोग होईपर्यंत सरासरी तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो, म्हणून लहानपणच्या अपघाताचा आणि आजच्या जखमेचा संबंध रुग्णाच्या सहसा लक्षात येत नाही. भाजलेल्या बहुसंख्य लोकांना हा आजार होत नाही. परंतु ज्यांचा वण वारंवार फुटतो आणि भरतो, त्यांच्या त्वचेतील पेशींना सतत नव्याने वाढावे लागते आणि त्या वाढीतच कधीतरी बिघाड होतो.

जखम दुखत नाही, ही खात्री बाळगण्याजोगी गोष्ट नाही. वणाच्या कठीण कातडीत संवेदना कमी असतात, त्यामुळे आत गाठ वाढत असतानाही वेदना होईलच असे नाही. जखमेच्या कडा उंच व कडक होऊन बाहेर वळणे, मांसाचा कोंब फुलकोबीसारखा वर येणे, धक्का लागताच रक्त येणे किंवा पूर्वी नसलेली दुर्गंधी येणे, यांपैकी काहीही दिसले तर संशय बळावतो. यांपैकी काहीच नसले तरी जुन्या वणावरची जखम तीन महिन्यांत भरली नाही, एवढे एकच कारण तपासणीस पुरेसे आहे.

तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, ही समजूत मराठवाड्यात मी इतक्या घरांतून ऐकली आहे की तिच्यामुळे वाया गेलेल्या महिन्यांची मोजदाद करणे कठीण आहे. या आजारात ती खरी नाही. तुकडा मात्र जखमेच्या मध्यभागातील कुजलेल्या भागातून न घेता कडेवरून आणि एकाहून अधिक ठिकाणांहून घ्यावा लागतो. पहिला अहवाल निर्दोष आला, पण जखम तशीच राहिली, तर तपासणी पुन्हा करावी लागते. निदान झाल्यास गाठीसोबत भोवतालची निरोगी कातडीही काढतात आणि त्या जागी दुसरीकडची त्वचा बसवतात. हाडापर्यंत पोचलेल्या आजारात पाय काढण्याची वेळ येऊ शकते. जांघेतील गाठी तपासणे अपरिहार्य असते, कारण हा कर्करोग त्वचेच्या नेहमीच्या कर्करोगापेक्षा तेथे अधिक वेळा पोचतो. अंबाजोगाईत अहवाल आल्यावर पुढील उपचारांची गरज पडली, तर छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. जाताना शिधापत्रिका आणि आधार कार्ड बरोबर ठेवा, म्हणजे महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी तेथेच करता येईल.

बिब्बा मात्र घालू नका. त्याचे तेल कातडी जाळते. मुळात भाजलेल्या जागी आणखी एक भाजणे कशासाठी? तपासणीपर्यंत जखम स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या पट्टीने झाकून ठेवणे पुरेसे आहे.

प्रश्न : माझ्या आईच्या कमरेला साडी नेसण्याच्या जागी अनेक वर्षांपासून काळा, खरबरीत पट्टा आहे. हे धोक्याचे आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : केवळ काळेपणा बहुधा घर्षणाचा असतो. तथापि धोतर घट्ट बांधण्याच्या जागी होणाऱ्या कर्करोगाची नोंद डॉ. वसंत खानोलकर यांनी १९४५ मध्येच केली होती आणि साडीच्या काचाखालीही तो आढळला आहे. परकराची नाडी सैल बांधावी किंवा तिच्या जागी रुंद पट्टा लावावा आणि बांधण्याची जागा बदलत राहावी. त्या पट्ट्यात भेग, गाठ किंवा न भरणारी जखम दिसली, तर वरील उत्तरातील तीन महिन्यांचीही वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.