पोलिओचे डोस तोंडातून देतात, मग आरएसव्ही किंवा फ्लूची लस तान्ह्या बाळाच्या नाकात का टाकत नाहीत?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, आणि तुमचा तर्क मला पटतो. पावसाळ्यात "डॉक्टर, बाळाचं पोट उडतंय, दूध ओढत नाही" म्हणत आई धावत येते. बाळ दोन-तीन महिन्यांचं, नाकपुड्या फुललेल्या, प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतोय. अशा वेळी बरेचदा आरएसव्ही हा विषाणू निघतो. दोन वर्षांचं होईपर्यंत तो जवळजवळ प्रत्येक मुलाला गाठतोच.

विषाणू नाकातून शिरतो, तर त्याला नाकातच अडवायला हवं. मांडीत टोचलेल्या लसीने रक्तात प्रतिपिंडं (विषाणूला रोखणारी प्रथिनं) चांगली तयार होतात, पण नाकाच्या अस्तरावर जी आयजीए प्रतिपिंडं हवीत ती फारशी बनत नाहीत. शिवाय आईकडून नाळेवाटे आलेली प्रतिपिंडं पहिले काही महिने टोचलेल्या लसीचा जोर कमी करू शकतात. नाकात दिलेल्या जिवंत लसीला, म्हणजे दुबळा केलेला विषाणू असलेल्या लसीला, त्यांचा अडथळा कमी होतो.

घोडं अडतं ते विषाणू किती दुबळा करायचा यावर. फार दुबळा केला तर तो नाकात रुजतच नाही. थोडा तगडा राहिला तर नाक चोंदतं, आणि तान्हं बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, त्यामुळे चोंदलं की अंगावर पिणंच थांबतं. अमेरिकेत 2003 पासून फ्लूची नाकातली लस आहे. दोन वर्षांखालच्या मुलांमध्ये तिच्यानंतर छातीत घरघर वाढलेली दिसली, म्हणून ती दोन वर्षांनंतरच देतात. पुण्याच्या सीरमने 2010 मध्ये आणलेली स्वाइन फ्लूची नाकातली लसही तान्ह्यांसाठी नव्हती. त्यात बाळ शिंकलं की डोस नक्की किती आत गेला, हेही कळत नाही.

सुई टाळली की संरक्षण तेवढंच मिळेल, असंही नाही. पुण्याजवळच्या खेड्यांत नऊ महिन्यांपुढच्या सुमारे 2000 बाळांपैकी निम्म्यांना गोवराची लस श्वासावाटे, तर निम्म्यांना टोचून देऊन पाहिली होती. श्वासावाटे घेतलेल्यांपैकी 85 टक्के बाळांत प्रतिपिंडं आढळली. टोचलेल्यांत जवळपास 95 टक्के. गोवरासारख्या झपाट्याने पसरणाऱ्या रोगात हा फरक मोठा आहे.

आणि 1966 विसरता येत नाही. अमेरिकेत फॉर्मॅलिन या रसायनाने मारलेल्या आरएसव्हीची लस बाळांना टोचली होती. पुढे खरी लागण झाली तेव्हा त्यातल्या 80 टक्के मुलांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ती लस न मिळालेल्यांत हे प्रमाण 5 टक्के होतं. दोन बाळं दगावली. नाकातल्या दुबळ्या जिवंत लसींच्या चाचण्यांत असा उलटा परिणाम दिसलेला नाही, म्हणून मला त्यांच्याकडून मोठी आशा आहे. तरीही त्या आधी मोठ्यांना, मग आरएसव्ही होऊन गेलेल्या मुलांना, आणि सगळ्यात शेवटी आरएसव्ही अजून न झालेल्या कोऱ्या बाळांना देऊन पाहतात. या क्रमाला वर्षं लागतात, आणि ती लागू द्यावीत असं माझं ठाम मत आहे.

2023 मध्ये अमेरिकेत गरोदरपणाच्या 32 ते 36 व्या आठवड्यात आईला देण्याची आरएसव्हीची लस मंजूर झाली. बाळाला थेट टोचायचं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही निघालं आहे. तुमच्याकडे यातलं काय मिळतं ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. फ्लूचं इंजेक्शन मात्र सहा महिने पूर्ण झाले की देता येतं. नाकातल्या लसीची वाट बघत ते लांबवू नका.