काउबॉय शैलीचे कोरीव चामडे: पहिला पट्टा घेण्यापूर्वी

नक्षीदार पट्टा घेण्याआधी त्यावरील नक्षी हाताने कोरलेली की साच्याने दाबलेली हे कसे ओळखावे, असे आपण विचारलेत, हे फार चांगले केलेत. सुरुवातीला किंमत आणि नाव बाजूला ठेवून आधी नक्षी पाहावी.

हातकामात कारागीर ओलसर चामड्यावर फिरत्या पात्याच्या सुरीने रेषा कापतो आणि मग ठशावर ठोके देत रेषेची एक बाजू दाबतो, त्यामुळे फूल उठून दिसते. भिंगातून पाहिल्यास रेषेच्या तळाशी खरा छेद दिसतो आणि टोकाकडे तो निमुळता होत विरतो. साच्याने दाबलेल्या नक्षीत मात्र नुसती गोलसर खाच असते आणि तीच पाकळी ठरावीक अंतराने जशीच्या तशी परत येते. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील शेरिडन गावात खोगीरकार डॉन किंग यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात घडवलेल्या शैलीतील, वर्तुळाकार वेलींत दाटीने बसवलेली लहान फुले पुन्हा पुन्हा पाहिलीत, तर नजर लवकर तयार होईल.

नवख्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- ‘अस्सल चामडे’ या शिक्क्यावर विसंबणे; तो हातकामाविषयी काहीच सांगत नाही.
- ओबडधोबडपणा म्हणजे हातकाम असे मानणे. उत्तम कारागिराचे काम विलक्षण नेटके असते.
- यंत्राची शिवण दिसताच वस्तू नाकारणे. अनेक चांगले खोगीरकारही शिवणयंत्र वापरतात.

चामडे वनस्पतिजन्य कसाने (झाडाच्या सालीसारख्या भागांतील टॅनिनने) कमावलेले आहे का, हेही अवश्य विचारा, कारण नक्षी त्यावरच नीट टिकते. आपली पारंपरिक कोल्हापुरी चप्पलही अशाच चामड्याची असते.