ऑपरेशन झालं, आता जेवायचं कसं?

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं दिली आहेत. औषधांचे डोस प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यामुळे इथले आकडे घेऊन आपल्या डॉक्टरांशी बोला. परस्पर बदल करू नका.

प्रश्न : पुढच्या महिन्यात माझी स्लीव्ह शस्त्रक्रिया (जठराचा मोठा भाग काढून ते लहान करण्याची) आहे. आधीचे दोन आठवडे पिष्टमय पदार्थ जवळपास बंद आणि प्रथिनं जास्त, असा आहार सांगितलाय. जठर लहान होणारच आहे, मग आधीपासून ही उपासमार कशाला? एखाद्या दिवशी मोडला तर चालेल का?

हा आहार वजनासाठी नसून यकृतासाठी आहे. यकृताचा डावा भाग जठराच्या वरच्या टोकावर पसरलेला असतो आणि तो उचलून धरल्याशिवाय सर्जनला जठर नीट दिसत नाही. वजन जास्त असलेल्या बहुतेकांच्या यकृतात चरबी साठलेली असते. असं यकृत मोठं, जड आणि ठिसूळ होतं. उचलताना त्यातून रक्तस्राव होऊ शकतो. पिष्टमय पदार्थ थांबवले की यकृतातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या साखरेचा) साठा आणि त्याने धरून ठेवलेलं पाणी आधी जातं, मग चरबी कमी होऊ लागते. रोज ८०० ते १००० कॅलरींच्या आसपास राहिलं, तर दोन आठवड्यांत यकृत बऱ्यापैकी आक्रसतं.

मोडलेल्या दिवशी तोच साठा पुन्हा भरू लागतो. त्यातही ‘आता पुन्हा कधी खाणार’ म्हणून आदल्या दोन-तीन दिवसांत केलेलं भरपेट जेवण सगळ्यात वाईट. मोह कळण्यासारखा आहे, पण टाळाच.

मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर हा आहार सुरू करण्याआधीच डोस कमी करून घ्या. खाणं निम्म्यावर आणि इन्सुलिन पूर्वीइतकंच, असं झालं की साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरते. सिगारेट किमान सहा आठवडे आधी बंद हवी. जखम भरून येण्याशी तिचा थेट संबंध आहे.

प्रश्न : स्लीव्ह होऊन सात आठवडे झाले. नेहमीचं जेवण सुरू करायला परवानगी मिळाली, पण चार घासांतच छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं, तोंडात फेसाळ लाळ येते आणि उलटी होते. पाणी पिऊन घास खाली ढकलायला गेलं की आणखी त्रास होतो. ऑपरेशन बिघडलंय का?

तुम्ही केलेल्या वर्णनावरून बहुधा नाही. खाण्याची पद्धत बदलायची राहिली आहे. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे ७५ ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती एक अरुंद नळी, आणि ती पूर्वीच्या जठरासारखी ताणत नाही. मोठा किंवा कोरडा घास तिच्या तोंडाशी थांबतो. लाळ मात्र सुटतच राहते. तिला खाली वाट मिळत नाही, म्हणून ती फेस होऊन वर येते. वरून पाणी प्यायलं की तेही तिथेच साचतं.

घास अंगठ्याच्या नखाएवढा घ्या. वीस-पंचवीस वेळा चावून त्याचा पार लगदा होऊ द्या. गिळल्यावर चमचा खाली ठेवा आणि मिनिटभर थांबा. चमचा हातातच राहिला तर पुढचा घास आपोआप भरला जातो, म्हणून तो खरोखर खाली ठेवायचा. जेवणाला वीस ते तीस मिनिटं द्या. त्याहून जास्त वेळ रेंगाळत खाणंही नको. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही. दिवसाचं दीड ते दोन लिटर पाणी मधल्या वेळात घोट घोट प्यायचं.

पोट भरल्याची खूणही आता बदललेली असते. पूर्वीसारखा पोटात जडपणा येईल म्हणून वाट पाहू नका. उचकी, एखादी शिंक, नाकातून पाणी, छातीच्या मध्यभागी हलका दाब, यांपैकी काहीही झालं की तिथेच थांबा. ताटात दोन घास उरले असले तरी थांबा. उलटी व्हायला तेच दोन घास पुरतात.

सगळ्यात जास्त अडकतात ते मऊ ब्रेड (ओला झाला की त्याचा गोळा होतो), चिकट भात आणि पुन्हा गरम केलेलं कोरडं मांस. हे आणखी काही आठवडे बाजूला ठेवा. मऊ अंडं, मासा, दही, मऊ शिजवलेली कडधान्यं यांपासून सुरुवात करा आणि ताटातली प्रथिनं आधी संपवा. दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं हवीत, आणि जागा इतकी कमी असताना ती शेवटी खायची ठरवली तर पोटात जातच नाहीत.

आता महत्त्वाचं. पातळ पदार्थही खाली जात नसतील, तर नळी कुठेतरी अरुंद झाली असण्याची शक्यता असते. ते एंडोस्कोपीने कळतं आणि बऱ्याचदा फुग्याने रुंदावता येतं. आणि उलट्या सतत होत राहिल्या, तर ठरलेल्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. शरीरातला थायमिनचा, म्हणजे बी१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. चालताना तोल जाणं, एकाच्या दोन वस्तू दिसणं, पावलांची आग होणं, बोलण्यात गोंधळ, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा आणि ‘वजनाची शस्त्रक्रिया झाली आहे, उलट्या होताहेत’ हे आधी सांगा. अशा रुग्णाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं तर मेंदूला इजा होऊ शकते. हे वाक्य घरातल्या दुसऱ्या माणसालाही पाठ असू द्या.

प्रश्न : चौथ्या महिन्यात केस मुठीने गळताहेत. बायोटिन (बी७ जीवनसत्त्व) सुरू करू का?

झपाट्याने वजन उतरलं, मोठी शस्त्रक्रिया झाली, की बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि तीन-चार महिन्यांनी गळतात. मुळं जिवंत असतात, त्यामुळे बहुतेकांचे केस पुढच्या सहा महिन्यांत परत येतात. मात्र प्रथिनं, लोह किंवा झिंक कमी पडत असेल तर गळती लांबते. म्हणून आधी आठवडाभर रोजची प्रथिनं मोजून लिहा आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा. बायोटिनची मुळात कमतरता नसेल तर त्याचा उपयोग होतो असं दिसलेलं नाही. शिवाय मोठ्या डोसमुळे थायरॉइडसह काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात.

प्रश्न : बायपास (हृदयाची नव्हे, जठराची लहान पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया) होऊन दीड वर्ष झालं. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, मला ठणठणीत वाटतं. व्हिटॅमिनच्या गोळ्या बंद केल्या तर?

रिपोर्ट नॉर्मल आहेत ते गोळ्यांमुळे. बायपासमध्ये अन्न लहान आतड्याचा पहिला भाग टाळून पुढे जातं, आणि लोह व कॅल्शियम मुख्यतः तिथेच शोषलं जातं. ही रचना कायमची आहे, म्हणून गोळ्याही कायमच्या. बी१२ तर जास्तच फसवं. यकृतात त्याचा साठा काही वर्षांचा असतो, त्यामुळे गोळी सोडल्यावर बराच काळ काहीच जाणवत नाही. हातापायांना मुंग्या येऊ लागतात तोवर नसांना इजा सुरू झालेली असते, आणि ती दर वेळी पूर्ण भरून येत नाही.

कॅल्शियम दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम लागतं, पण एका वेळी ५०० ते ६०० च्या वर शोषलं जात नाही, म्हणून विभागून घ्या. सायट्रेट प्रकारचं मागा. कार्बोनेटला जठरातलं आम्ल लागतं आणि तुमच्या लहान पिशवीत ते फार कमी तयार होतं. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर कॅल्शियम लोहाला अडवतं. वर्षातून एकदा रक्ततपासणी, वजन स्थिर असलं तरीही.

प्रश्न : बायपासनंतर मूल कधी होऊ द्यावं? तोवर गर्भनिरोधक गोळी चालेल ना?

१२ ते १८ महिने थांबा. वजन वेगाने उतरत असताना गर्भाला पोषण कमी पडण्याचा धोका असतो. बायपासनंतर तोंडाने घ्यायची गोळी नीट शोषली जाईल याची खात्री नसते, म्हणून कॉपर टी किंवा तत्सम पर्याय विचारा. ज्यांची पाळी वजनामुळे अनियमित होती त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, कारण वजन उतरल्यावर ती सुरळीत होते आणि अनपेक्षित दिवस जातात. गरोदरपणात साखरेची तपासणी ग्लुकोजचं पाणी पिऊन करू नका. ते पाणी आतड्यात एकदम उतरतं आणि घाम, धडधड, चक्कर सुरू होते. त्याऐवजी घरी ग्लुकोमीटरने आठवडाभर साखर मोजण्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : बायपासनंतर गुडघा दुखला तर पूर्वीची आयबुप्रोफेनची गोळी घेतली तर चालते का?

नाही. ती आणि डायक्लोफेनॅकसारख्या तिच्या जातीच्या गोळ्या जठर-आतड्याच्या जोडावर व्रण पाडतात. पॅरासिटामॉल चालतं. दंतवैद्याकडे गेलात तरी हे आपणहून सांगा. दाढ काढल्यावर हमखास हीच गोळी लिहून मिळते.