‘चायनीज पॅसेंजर्स ॲक्ट’: प्रवासी, कुली की उतारू?

प्रश्न असा आला आहे: ब्रिटिश पार्लमेंटच्या १८५५ च्या ‘चायनीज पॅसेंजर्स ॲक्ट’ला मराठीत ‘चिनी प्रवासी कायदा’ म्हणावं का? की चीन-हाँगकाँगहून समुद्रापार निघणाऱ्या जहाजांवरची ती माणसं बहुतेक मजूरच होती, म्हणून सरळ ‘चिनी कुली कायदा’ म्हणावं?

माझं मत दोन्हींच्या विरुद्ध आहे. ‘चिनी उतारू कायदा’ म्हणा.

‘प्रवासी’ हा शब्द आज फार पसरट झाला आहे. पंढरपूरला निघालेलाही प्रवासी आणि युरोप बघायला गेलेलाही प्रवासी. ‘उतारू’ मात्र वाहनाला बांधलेला आहे. आगबोट आली की आधी उतारू मोजायचे. होडीवर किती उतारू घ्यायचे ते परवान्यात लिहिलेलं असतं. हा कायदाही माणसं मोजणाराच आहे. दोन डेकांमधल्या जागेत दर प्रौढ माणसामागे निदान १२ चौरस फूट आणि ७२ घनफूट जागा हवी, म्हणजे सहा फूट उंचीखाली जेमतेम एक सतरंजी. बारा वर्षांवरचा तो पूर्ण उतारू, त्याखालची दोन मुलं मिळून एक. आपल्या ‘अर्ध्या तिकिटा’चीच ही रीत.

‘उतारू’ म्हणजे फक्त ‘उतरणारा’, मग तो चढतो तेव्हा काय, अशी थट्टा करतात. पण मराठीत नदीही ‘उतरतात’, आणि पायी ओलांडता येईल अशा जागेला ‘उतार’ म्हणतात. पलीकडे जाणारा तो उतारू, असं मी समजतो. समुद्रापार निघालेल्यांना हा शब्द जास्तच शोभतो.

आता ‘कुली’. त्याची व्युत्पत्ती वादाची आहे: कोणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या कोळ्यांकडे बोट दाखवतं, कोणी मजुरी या अर्थाच्या तमिळ ‘कूलि’कडे. चिनी लिपीत तो ‘कू-ली’ असा लिहिला गेला. त्या दोन अक्षरांचा अर्थ ‘कडू कष्ट’. ध्वनी आणि अर्थ इतके नेमके जुळले, की शब्द मुळात चिनीच असावा असं पुष्कळांना वाटतं. तसा तो नाही. दक्षिण चीनच्या कँटनी बोलीत मजूर परदेशी पाठवण्याच्या व्यापाराला लोक ‘डुकराची पिल्लं विकणं’ म्हणत. अनुवादात तळटीप द्यायचीच असेल तर या शब्दप्रयोगाची द्या. पण कायद्याच्या नावात ‘कुली’ घालू नका. एक तर हाँगकाँगहून कॅलिफोर्निया-ऑस्ट्रेलियाला जाणारे कितीतरी जण स्वतःच्या किंवा उसन्या पैशानं तिकीट काढून जात. ते करारबद्ध मजूर नव्हते. दुसरं असं, की हा माणूस उतारू आहे की माल, हाच तर त्या कायद्यापुढचा प्रश्न होता. आपण कुठे चाललो आहोत हे माणसाला कळलं आहे का, तो राजीखुशीनं निघाला आहे का, हे एमिग्रेशन अधिकाऱ्यानं, म्हणजे देशाबाहेर जाणाऱ्यांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यानं, जहाज सुटण्याआधी पाहायचं होतं. मालाला असं कोणी विचारत नाही. प्रत्यक्षात हे विचारणं किती मनापासून होई, तो भाग वेगळा.

‘चिनी’ या विशेषणाचीही गंमत आहे. व्याख्येनुसार ‘चायनीज पॅसेंजर शिप’ म्हणजे ‘आशियाचे मूळ रहिवासी’ असलेले वीसाहून जास्त उतारू नेणारं जहाज. ब्रिटिशांच्या ताब्यातल्या हाँगकाँगहून सुटणारं असेल, तर कुठल्याही निशाणाचं. चीनच्या बंदरांतून किंवा त्या किनाऱ्यापासून शंभर मैलांच्या आतून सुटणारं असेल, तर फक्त ब्रिटिश. म्हणजे ‘चिनी’ हे जहाजाच्या मालकीचं विशेषण नाही, आणि उतारूही चिनीच हवेत असं व्याख्येत नाही. म्हणून ‘चिनी जहाज’ असं भाषांतर झालं की अर्थ पार उलटतो. ‘चिनी उतारूंचं जहाज’ लिहा.

याच व्याख्येतून मकाव निसटलं. १८४४ पर्यंत गोव्याच्या अखत्यारीत असलेलं, चीनच्या किनाऱ्यावरचं हे पोर्तुगीज ठाणं ब्रिटिश हद्दीबाहेर होतं, आणि तिथून परक्या निशाणाखाली क्यूबा-पेरूकडे सुटणाऱ्या जहाजांना हा कायदा लागू नव्हता. तिथला व्यापार १८७४ साली बंद झाला. क्यूबाच्या कागदांत हीच माणसं ‘कोलोनो’, म्हणजे वसाहतकरी. तो कागद अनुवादायला आला तर ‘आशियाई वसाहतकरी’ असंच लिहा. तिथं ‘उतारू’ घालू नका.